प्राण्यांसाठी मांसाहार सोडायचा असेल तर

मांसाहार सोडण्याचा विचार मनात आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न 'मग खायचे काय' हाच असतो. माझ्या मते त्याच्याही आधी एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर स्वतःच्या अक्षरात एका कागदावर लिहून ठेवावे. आपण हे कशासाठी करत आहोत? प्रकृतीसाठी, गळ्यात माळ घातली म्हणून, सोवळ्याओवळ्याच्या समजुतीने, की ज्या जिवाला मारून आपले ताट भरते त्याच्यासाठी? कारण बदलले की वाटही बदलते. प्रकृतीसाठी मटण सोडणारा निर्धास्तपणे कोंबडीकडे वळतो. माळकरी माणूस मांसाला शिवत नाही, पण दुधातुपाबद्दल त्याला सहसा प्रश्न पडत नाही. सोवळे पाळणारा माणूस मांस शिजलेल्या भांड्याचा विटाळ मानतो आणि पूजेला मात्र रेशमी कद नेसतो, जरी त्या रेशमासाठी कोशातले हजारो किडे वाफेने नाहीतर उकळत्या पाण्याने मारलेले असतात. हा लेख शेवटच्या कारणासाठी, म्हणजे प्राण्याच्या वेदनेसाठी आणि त्याच्या जगण्याच्या हक्कासाठी शाकाहाराकडे वळू पाहणाऱ्यांसाठी आहे. ते कारण एकदा स्पष्ट झाले की कोणता पदार्थ आधी सोडायचा, दुधाचे काय करायचे, नातेवाइकांच्या पंगतीत कसे वागायचे, या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्याच कारणातून निघतात.

आधी युक्तिवाद तपासून घ्यावा

केवळ कळवळ्यावर उभा राहिलेला निश्चय पहिल्याच लग्नाच्या पंगतीत डळमळतो, म्हणून थोडा वेळ विचारासाठी द्यावा. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये या प्रश्नाला जे वळण दिले ते आजही उपयोगी पडते. प्राण्याला तर्क करता येतो का किंवा बोलता येते का, हे विचारण्यापेक्षा त्याला वेदना होते का, हे विचारावे, असे त्यांचे म्हणणे होते. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये हाच धागा पुढे नेला. माणसाचे दुःख आणि कोंबडीचे दुःख सारख्याच तीव्रतेचे असेल तर केवळ ती कोंबडी आहे म्हणून तिचे दुःख कमी मोजणे हे वर्ण किंवा लिंग पाहून माणसाला कमी लेखण्यासारखेच आहे, अशी त्यांची मांडणी आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या मते ज्या प्राण्याला स्वतःचे असे आयुष्य आहे आणि ते बरे किंवा वाईट जात असल्याचा अनुभव आहे, तो कुणाच्याही उपयोगाचे साधन नसतो. त्यामुळे त्याला वेदना न देता मारले, तरीही तो अन्यायच ठरतो.

बेंथम-सिंगर आणि रेगन यांच्या या दोन भूमिकांतला फरक पुस्तकी वाटेल, पण स्वयंपाकघरात तो लगेच समोर येतो. परसात मोकळी फिरणारी, दाणे टिपणारी गावठी कोंबडी खावी का? पहिल्या विचाराने पाहिले तर पिंजऱ्यातल्या कोंबडीपेक्षा तिचे दुःख पुष्कळ कमी आहे. दुसऱ्या विचाराने पाहिले तर सुरी तिच्याही मानेवर फिरतेच. माझी सुरुवात पहिल्या विचारापासून झाली आणि काही वर्षांनी मी दुसऱ्यापर्यंत पोहोचले. तुम्ही कुठे उभे आहात ते कागदावर लिहून ठेवा. नंतर ते बदलले तरी चालेल.

आक्षेपांचीही तयारी ठेवावी, कारण ते नक्की येणार. 'वनस्पतींनाही जीव असतोच की' हा सर्वांत नेहमीचा. वनस्पती प्रकाशाला, स्पर्शाला, जखमेला प्रतिसाद देतात हे खरे आहे, परंतु वेदना जाणवण्यासाठी लागणारे मज्जातंतू आणि मेंदू त्यांना नाहीत. शिवाय ज्याला वनस्पतींचीच काळजी आहे त्याने तर आधी मांस सोडावे, कारण ब्रॉयलर कोंबडीचे एक किलो जिवंत वजन वाढवण्यासाठी साधारण दीड ते पावणेदोन किलो मका आणि सोयाबीनची पेंड लागते आणि त्या वजनातली हाडे, पिसे, आतडी पुन्हा बाजूला काढावी लागतात. दुसरा आक्षेप 'जीवो जीवस्य जीवनम्' हा. हे निसर्गाचे वर्णन आहे, माणसाला दिलेली आज्ञा नव्हे. वाघाला ज्वारीची भाकरी पचत नाही आणि हरिण सोडून देण्याचा पर्यायही त्याच्यापुढे नसतो. आपल्यापुढे तो आहे. तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. शेती करतानाही उंदीर, किडे, साप मरतातच, मग शाकाहारी माणसाचे हात स्वच्छ कसे? ते पूर्णपणे स्वच्छ नाहीत, हे मान्य करावे. निष्पाप ठरण्याचा दावा न करता टाळता येण्यासारखी हिंसा टाळणे एवढाच आपला उद्देश आहे, असे सांगावे.

मासे आणि कवचधारी जीव यांच्याबद्दल आपल्याकडे विशेष गैरसमज आहे. किनाऱ्यावर वाढल्यामुळे तो मी फार जवळून पाहिला आहे. माशाला काही कळत नाही, असेच आम्ही समजत होतो. २००३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि अ‍ॅसेटिक आम्ल टोचून पाहिले, तेव्हा ते मासे अंग डोलवू लागले, काहींनी ओठ तळाच्या खडीवर घासले आणि बराच वेळ अन्नाला तोंड लावले नाही. ७ जुलै २०१२ रोजी केंब्रिज येथे मेंदूशास्त्रज्ञांच्या एका गटाने जाहीर केले की जाणिवेसाठी लागणारी मज्जासंस्थेची रचना केवळ माणसाकडेच नाही, सर्व सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारखे इतर अनेक जीव यांच्याकडेही ती आहे. ब्रिटनने २०२२ मध्ये केलेल्या कायद्यात तर खेकडे, शेवंड, कोळंबी आणि माखली यांनाही संवेदनशील जीव म्हणून मान्यता दिली. जिवंत खेकड्याच्या नांग्या एकेक करून मोडताना आमच्या घरात कुणालाच काही वाटत नसे, मलाही नाही. हे वाचल्यानंतर मात्र माझ्या हातून ते काम पुन्हा झाले नाही.

कोणता प्राणी आधी, कोणता नंतर

आपल्याकडे मांसाहार 'कमी करणारा' माणूस पहिल्यांदा मटण सोडतो, मग कोंबडी, मग मासे आणि अंडी मात्र शेवटपर्यंत ठेवतो. प्राण्यांचा विचार केला तर हा क्रम नेमका उलटा आहे.

हिशेब करून पाहा. एका मध्यम बोकडापासून साधारण दहा ते बारा किलो मटण मिळते. एका ब्रॉयलरपासून, साफ केल्यावर, सव्वा ते दीड किलो मांस मिळते. एखादे कुटुंब आठवड्याला एक किलो मांस खात असेल, तर वर्षाच्या ५२ किलोंसाठी चार-पाच बोकड पुरतात, पण कोंबड्या मात्र पस्तीस-चाळीस लागतात. म्हणजे 'मटण सोडले, आता फक्त चिकन' असे समाधानाने म्हणणाऱ्या घरासाठी मरणाऱ्या जिवांची संख्या आठपट झालेली असते. आयुष्याची प्रतही पाहावी. गावातला बोकड निदान रानात चरलेला, धावलेला, उन्हात बसलेला असतो. ब्रॉयलर मात्र अशा जातीचा निवडलेला असतो की अवघ्या पाच-सहा आठवड्यांत त्याचे वजन दोन किलोंवर जाते आणि पुष्कळदा स्वतःच्या पायांना ते भागत नाही. शेवटचा प्रवास दुकानाच्या पिंजऱ्यात, किंवा दुचाकीच्या हँडलला पाय बांधून उलटे लटकत होतो. हे दृश्य आपण इतक्या वेळा पाहिले आहे की ते आता दिसेनासे झाले आहे.

अंड्यांची गोष्ट अधिक वाईट आहे, कारण तिथे मरणापेक्षा जगणे कठीण असते. व्यापारी पोल्ट्रीत अंडी देणाऱ्या कोंबडीला तारेच्या पिंजऱ्यात साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा मिळते. ए-फोर आकाराचा कोरा कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो, तो हातात धरून ही जागा नजरेपुढे आणावी. तेवढ्यात तिला पंख पसरता येत नाहीत, जमीन उकरता येत नाही, धुळीत लोळता येत नाही. भारताच्या विधी आयोगाने २०१७ मध्ये आपल्या २६९व्या अहवालात या पिंजऱ्यांची दखल घेतली. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले. अंडी देणाऱ्या जातीतली नर पिल्ले मात्र पोल्ट्रीवाल्याच्या काहीच कामाची नसतात, म्हणून ती अंड्यातून बाहेर येताच मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून या प्रथेवर बंदी घातली. बाजारातले अंडे निर्बीज असते म्हणून त्यात हिंसा नाही, हा युक्तिवाद अंड्यापुरता खरा असला तरी अंडे देणारीपर्यंत तो पोहोचत नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे: टप्प्याटप्प्याने सोडणार असाल तर पोल्ट्रीची अंडी आणि ब्रॉयलर आधी सोडा. त्यानंतर जवळा, कोळंबी, मांदेली यांसारखे लहान जीव, कारण जवळ्याच्या एका मुठीत शेकडो जीव असतात. मग मोठे मासे, आणि मटण शेवटी. रेगन यांची भूमिका ज्यांना पटली आहे त्यांना हा क्रम तडजोडीचा वाटेल आणि एकदम सगळे सोडणे हाच त्यांच्यासाठी प्रामाणिक मार्ग होय. परंतु ज्यांना एकदम जमत नाही त्यांनी लाजू नये. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या मुदपाकखान्याचा हिशेब कोरलेला आहे. पूर्वी तिथे रोज असंख्य प्राणी मारले जात, आता केवळ दोन मोर आणि एक हरिण, आणि हरिणही नेहमी नाही; पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. पुरा न झालेला निश्चय आपल्या उणिवेसह दगडावर कोरून ठेवणारा हा राजा मला फार जवळचा वाटतो.

सुरुवात कधी करावी, याचे उत्तर मराठी घराच्या पंचांगातच आहे. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार आणि सबंध श्रावण, इतके दिवस कित्येक मांसाहारी घरांत मुळातच शाकाहाराचे असतात. उरतात ते बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यांतला एकेक वार दर महिन्याला कमी करावा. मासे खाणाऱ्या घरांना पावसाळ्याची साथ मिळते, कारण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि तिला लागूनच श्रावण येतो. मात्र या काळात सुकट आणि सुके बोंबील बाहेर निघतात, म्हणून मे महिन्यातच त्यांच्या जागी काळे वाटाणे, वाल, कुळीथ आणि फणसाच्या आठळ्या भरून ठेवाव्यात. श्रावण पाळायचा म्हणून आदल्या अमावास्येला दुप्पट खाण्याची जी पद्धत पडली आहे, ती मात्र आवर्जून मोडावी. प्राण्याच्या दृष्टीने त्या दिवशीच्या कापाकापीत श्रावणाचा सगळा लाभ वाहून जातो.

दुधाचा प्रश्न टाळू नये

दूध हा प्रामाणिक शाकाहारी माणसाला सर्वांत अवघड जाणारा विषय आहे. गाय किंवा म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि होणाऱ्या वासरांतली साधारण निम्मी नर असतात. ट्रॅक्टर आल्यानंतर गोऱ्ह्यांना काम उरले नाही. रेडकांना तर पूर्वीही फारसे नव्हते. अनेक तबेल्यांत रेडकू दुधावाचून मरते, आणि ते मरू दिले जाते. भाकड झालेली म्हैस विकली जाते. भारत जगात सर्वाधिक दूध उत्पादन करतो आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीतही तो अग्रणी देशांत आहे. या दोन गोष्टी एकाच गोठ्यातून निघतात. आपल्याकडचा लाडका खरवस हा वस्तुतः वासराचा पहिला चीक असतो, ज्यातून जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत त्याला रोगप्रतिकारशक्ती मिळायची असते. वासराचे पोट भरून उरलेल्या चिकाचा खरवस आणि वासराला दूर बांधून काढलेल्या चिकाचा खरवस यांत फरक आहे. बाजारातल्या वाटीवर तो लिहिलेला नसतो.

महात्मा गांधींना हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पडला होता. अधिक दूध मिळवण्यासाठी गाई-म्हशींवर होणाऱ्या फुंक्याच्या, म्हणजे योनिमार्गात हवा फुंकण्याच्या, क्रूर प्रकाराबद्दल कळल्यावर त्यांनी दूध सोडले. १९१८-१९च्या आजारपणात त्यांचा जीव धोक्यात आला तेव्हा कस्तुरबांनी सुचवले की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे होते, शेळीच्या नव्हे. त्यांनी शेळीचे दूध घेतले, पण त्या पळवाटेची बोचणी मनात राहिल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. पुढे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने फुंक्यावर बंदी घातली. हा कायदा होण्यामागे नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाची प्रेरणा होती. परंतु त्याच कायद्यात अन्नासाठी मारण्याला सूट आहे. म्हणून कायद्यात बसते ते नैतिकही आहे, असे मानून चालता येत नाही.

माझे मत विचाराल तर, पहिल्या वर्षी मांस, मासे आणि अंडी सोडण्यावर लक्ष द्यावे, पण त्यांची जागा पनीरने भरू नये. तसे केले तर वेदना कोंबडीकडून म्हशीकडे सरकते, एवढेच होते. दूध चहापुरते आणि विरजणापुरते ठेवावे. शक्य असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्यावे आणि त्याला वासराबद्दल मोकळेपणाने विचारावे. ज्यांना पूर्ण सोडणे जमते त्यांनी ते जरूर सोडावे. मला अजून दही सुटलेले नाही, आणि ते मी माझ्या कागदावर लिहून ठेवले आहे.

स्वयंपाकघर

चव मांसात कमी आणि वाटणात अधिक असते, हे ज्याला उमगले त्याचे अर्धे काम झाले. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण, खसखस, धणे आणि मसाला यांचे वाटण तेच ठेवावे, आत पडणारी वस्तू बदलावी. मालवणी पद्धतीच्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासोबत आंबोळी किंवा वडे असले की कोंबडीची उणीव भासत नाही. कोवळ्या फणसाच्या फोडी मटणाच्या मसाल्यात शिजवल्या तर चावण्याचे तेच समाधान देतात. मिरचीपूड आणि कोकमाचे आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतलेले सुरणाचे किंवा नीरफणसाचे काप तळलेल्या तुकडीची जागा घेतात. गोव्यात बांगड्याची उडदमेथी होते तशीच ती आंबाड्यांचीही होते, हे मासे सोडलेल्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे. विदर्भात पाटवडीचा रस्सा सावजी मसाल्यात होतो, खानदेशात शेवभाजी आहे, सांगली-कराडकडे अख्खा मसूर आहे आणि जुन्नरकडच्या मासवडीने तर माशाचा केवळ आकार घेऊन मासा सोडून दिला आहे. आठवड्याचा आराखडा करताना दर दोन दिवसांनी एक कडधान्य भिजत घालण्याची सवय लावली तर रविवारी ऐन वेळी काय करायचे, हा प्रश्न उरत नाही. बरेच निश्चय याच प्रश्नापाशी कोसळतात.

पाकिटबंद वस्तू घेताना हिरव्या ठिपक्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. तो मांस आणि अंडे नसल्याचे सांगतो, दूध किंवा मध नसल्याचे सांगत नाही. मांसाहारी पदार्थावर तपकिरी त्रिकोण असतो. ज्यात प्राणिजन्य काहीच नाही अशा पदार्थांसाठी वेगळे व्हिगन चिन्ह आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांनी चीजमध्ये दूध साकळवण्यासाठी घातलेले वासराच्या जठरातले रेनेट, मिठायांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन आणि थाई पदार्थांत माशाचा सॉस आहे का, हे वाचून पाहावे. अस्सल पार्मेजान चीज तर वासराच्या रेनेटशिवाय होतच नाही.

शरीराची काळजी

इथे भावनेच्या भरात दुर्लक्ष करू नये, कारण आजारी पडलेला शाकाहारी माणूस वर्षभरात पुन्हा मांसाहाराकडे वळतो. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोंच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीस ते चोवीस ग्रॅम, तेवढ्याच शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास आणि सोयाबीनमध्ये छत्तीसहून अधिक प्रथिने असतात. वरणाचे पाणी आणि डाळ यांत फरक आहे. वरण घट्ट करावे. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तिळात त्याहूनही अधिक. जवसाच्या चटणीतून ओमेगा-३ स्निग्धाम्ले मिळतात. पालेभाजी आणि कडधान्यातले लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबू पिळावे आणि जेवणासोबतचा चहा तासाभराने पुढे ढकलावा. मासे सोडल्यावर आयोडीनचा एक स्रोत जातो, म्हणून केवळ सैंधव वापरू नये, आयोडीनयुक्त मीठ घरात ठेवावे.

ब-१२ जीवनसत्त्व मात्र धान्य, डाळी, भाज्यांतून मिळत नाही. आंबवलेल्या पिठातून किंवा स्पिरुलिनातून ते मिळते, हा समज चुकीचा आहे. दूध घेणाऱ्या शाकाहारी लोकांतही त्याची कमतरता सर्रास आढळते आणि ती वाढली तर हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, पंडुरोग असे त्रास होतात. वर्षातून एकदा रक्त तपासावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे असते, म्हणून गोळी मागावी. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्या बाबतीत आहार बदलण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

माणसांशी वागताना

महाराष्ट्रात शाकाहाराचा प्रश्न जातीपासून वेगळा राहिलेला नाही आणि हे विसरून प्राण्यांच्या हक्कांबद्दल बोलणाऱ्याचे बोलणे पुष्कळांना अपमानासारखे वाटते, ते योग्यच आहे. मांस खाणाऱ्याला घर भाड्याने न देणे, कुणाच्या डब्याकडे पाहून नाक मुरडणे, यांत प्राण्यावरची दया तिळमात्र नाही. तो शुद्धाशुद्धतेचा अहंकार आहे आणि तो एका प्राण्यावर, म्हणजे माणसावर, केलेला आघातच आहे. राज्यात २०१५ मध्ये बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. त्यामुळे ज्यांचे स्वस्त अन्न गेले ते गरीब होते आणि ज्यांना भाकड जनावर पोसणे परवडत नाही ते शेतकरी होते. पिंजऱ्यातल्या कोंबडीची स्थिती त्यामुळे तसूभरही सुधारली नाही. शाळेच्या पोषण आहारात गरीब मुलाला मिळणाऱ्या अंड्याला विरोध करून आपल्या शाकाहाराची सुरुवात कुणीही करू नये. ज्याच्या हाती निवड आहे त्याने आपल्या ताटापासून सुरुवात करावी.

या मातीत करुणेची एक वेगळी परंपरा आहे आणि तिच्याशी नाते जोडावे. गाडगे महाराजांनी हातात खराटा घेऊन जत्रेजत्रेत पशुबळीविरुद्ध सांगितले. त्यांच्या संदेशात भुकेल्यांना अन्न आणि तहानलेल्यांना पाणी देण्याच्या ओळीतच पशुपक्ष्यांना, मुक्या प्राण्यांना अभय आहे. भुकेला माणूस आधी येतो आणि मुका प्राणी त्याच यादीत येतो, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत शाकाहाराची अट नाही, परंतु प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. गावच्या जत्रेत घरचा नवस असेल तर भांडण्यापेक्षा कोहळा किंवा नारळ देण्याची जी जुनी चाल कित्येक ठिकाणी आहे, तिची आठवण वडीलधाऱ्यांना करून द्यावी. माझ्या अनुभवाने आजी ज्या गोष्टीला पूर्वापार म्हणते, ती घर सहज मानते.

घरात आपले कारण एकदाच, शांतपणे सांगावे आणि पुन्हा कुणी विचारल्याखेरीज बोलू नये. दुसऱ्याच्या ताटावर जेवताना बोलणे तर कटाक्षाने टाळावे. आपले कारण प्राणी हे असल्यामुळे वेगळी भांडी, वेगळी चूल, वेगळी पंगत यांची आपल्याला गरज नाही, आणि ही मुभा घरच्या बाईचे श्रम पुष्कळ वाचवते. ज्या घरात मांस शिजते तिथे स्वतःची भाजी स्वतः करायला शिकावे. आपल्या तत्त्वाचा भार आईवर किंवा बायकोवर टाकणे न्यायाचे नाही. फोडी बाजूला काढून रस्सा वाढला तर नम्रपणे नको म्हणावे, कारण तो रस्सा संपला की पुढच्या वेळी आपल्या वाट्याचे मांस आणले जाते. चुकून ताटात काही आले आणि तोंडात गेले, तर आरडाओरडा करू नये. तो प्राणी आता परत येणार नाही, आणि वाढणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता.

आणि कधीतरी जाणूनबुजूनही मोडेल. पावसाची संध्याकाळ, माहेरचे घर, तव्यावरचा पापलेट, असे काही समोर येईल आणि कागदावरचे सगळे युक्तिवाद तेवढ्यापुरते मुके होतील. अशा वेळी सगळा निश्चयच खोटा होता, असे ठरवून पुन्हा जुन्या वाटेला लागणे हीच खरी चूक ठरते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद काढून वाचावा, खाली त्या दिवसाची तारीख घालावी आणि रात्रीसाठी मटकी भिजत टाकावी. माझ्या कागदाखाली अशा नऊ तारखा आहेत. पहिल्या पाच पहिल्याच वर्षातल्या आहेत आणि शेवटच्या दोहोंमध्ये तीन वर्षांचे अंतर आहे.